पहिल्या आंघोळीचा मान

ऐन थंडीत गेनूआत्यांचा पाणी तापवायचा बंब फुटला, आणि घरात सून बाळंतीण. गिझर बसवायला सरपंचांनी आपलाच मेहुणा धाडला, दिनकर. त्याला नको म्हणायची गावात कुणाची छाती नव्हती.

"शॉक बसू नये म्हणून अर्थिंगची तार टाक रे," आत्या म्हणाल्या.

"काही लागत नाही, आत्या. गावभर डोळे झाकून गिझर बसवलेत मी."

सांगून सांगून आत्यांचं डोकं उठलं. शेवटी त्यांनी त्याच्या हाती कोरा पंचा ठेवला. "बसव बाबा तुझ्या मनासारखा. फक्त पहिली आंघोळ तुझी. पाहुण्याचा मान."

दिनकर घुटमळला. "मग... तार टाकूनच घेऊ."

"म्हणजे माझी बाळंतीण बिनतारेची न्हाणार होती," आत्या म्हणाल्या. "ठेव तो पंचा. सरपंचांना सांग, फिटर मी शोधते."