जडखिंडीतली विचारणी

बालाघाटाच्या डोंगरात दोन तालुके एकमेकांना पाठ लावून बसले आहेत, तिथे जडखिंड आहे. आता खिंडीतून डांबरी रस्ता गेला आहे. रस्त्याच्या कडेला एका पडक्या चौकीचे जोते उरले आहे, आणि जोत्यासमोर एक काळा, सपाट धोंडा. लग्नसराईत इथे थोडा वेळ उभे राहिले की एक गोष्ट हमखास दिसते. मुहूर्त कितीही जवळ आलेला असो, नवरीची गाडी धोंड्यापाशी थांबते. नवरी खाली उतरते, तिचा बाप उतरतो, आणि सगळ्या वऱ्हाडादेखत बाप तिला एक प्रश्न विचारतो. उत्तर मिळेपर्यंत गाडी पुढे जात नाही.

परगावच्या पाहुण्यांना हा काय प्रकार ते कळत नाही. ते मग टपरीवर बसलेल्या तुळशीरामनानांना विचारतात. नाना आधी चहा सांगायला लावतात, त्यात एक स्वतःसाठी, आणि कप खाली ठेवल्यावर सांगतात ते असे.

फार जुनी गोष्ट. तेव्हा खिंडीच्या अलीकडे एका राजाचा मुलूख होता आणि पलीकडे दुसऱ्याचा. राजे एकमेकांचे व्याही होते म्हणे, पण सोयरीक जेवणावळीपुरती. जकातीत कोणी कोणाचे नाही. चुन्याने रंगवलेल्या दगडांची एक ओळ खिंडीत आडवी घातलेली होती. ती हद्द. पलीकडच्या राजाला आपल्या विणकरांची काळजी होती, म्हणून अलीकडून येणाऱ्या कोऱ्या कापडावर त्याने अशी जकात बसवली की तीन लुगडी न्यायची तर एक चौकीत ठेवून जायचे.

अलीकडे पायथ्याच्या साळीआळीत सुभाना साळी राहायचा. त्याचे हात मागावर चालत आणि डोके जकातीत. कोणत्या मालाला किती, कशाला माफी, हे त्याला चौकीवरच्या नाकेदारापेक्षा जास्त पाठ होते. पेटत्या दिव्यातल्या तेलाला जकात नव्हती. सुभानाच्या सल्ल्याने एक तेली भर दुपारी डोक्यावर पेटत्या समयांची पाटी घेऊन खिंड चढला. कोऱ्या मडक्यांना जकात होती, वापरातल्यांना नव्हती. कुंभाराने गाडीभर मडकी पाण्याने भरून नेली. सगळा बाजार पोट धरून हसला. नाकेदार तेवढा हसला नाही.

सुभाना सल्ला द्यायचा, पण त्याचे काही घ्यायचा नाही. एवढेच बजावायचा, “खोटं कधी बोलायचं न्हाई. त्येंचाच नियम त्येंच्याच हातात द्यायचा.” अति शहाणा त्याचा बैल रिकामा, असे त्याची बायको रखमा म्हणे. सुभाना म्हणे, “बैल रिकामा असला की जकात लागत न्हाई.”

त्याला एकुलती एक लेक होती, पुतळा. ती जन्मली त्या वर्षापासून दर दिवाळीला सुभाना तिच्यासाठी एक लुगडे विणून पेटीत ठेवायचा. हातात कितीही काम असो, घरात दाणा असो नसो, हे लुगडे चुकले नाही. लेक सासरी जाईल तेव्हा ही सगळी तिच्यासोबत जायची, हे त्याच्या मनात पक्के होते. आणि पुतळाचे लग्न ठरले ते हद्दीपलीकडे.

आता आली का पंचाईत! तीनांत एक चौकीला. ज्या मागावर बसून त्याने पोरीचे वय मोजले, त्या मागावरचे लुगडे उद्या नाकेदाराच्या घरात दिसणार. सुभानाला दोन रात्री झोप आली नाही. तिसऱ्या दिवशी तो एकटाच हसत सुटला. नवरी पायी हद्द ओलांडत असेल तर तिच्या अंगावरचे माफ, असा नियम होता. अंगावर किती, हे कुठेच सांगितले नव्हते.

लग्न वैशाखातले. रखमा म्हणाली, “ऊन बगा की जरा. दोन नेसवू, बाकीची हुईल ती हुईल.”

“म्हंजी माझ्या लेकीचं लुगडं नाकेदाराची बायकू नेसनार?” सुभाना म्हणाला. रखमा पेटी उघडायला उठली.

निघायच्या सकाळी आळीतल्या बायकांनी पुतळाला लुगडी नेसवली. पेटीतले सर्वांत जुने आत, मग त्यावर दुसरे, त्यावर तिसरे. किती नेसवली? कोणी नऊ सांगतात, कोणी बारा. नाना म्हणतात, मोजणारा आता कोणी नाही. पुतळाने हूं की चूं केले नाही. बापाच्या हुशारीचा तिला फार अभिमान होता. तेल्याची गोष्ट तीच सगळ्यांना रंगवून सांगायची. सुभानाने तिला जवळ बोलावून सांगितले, “नाक्यावर इचारलं तर येवढंच म्हनायचं, अंगावरचं हाय. आन् जड वाटलं तरी त्वांडावर दिसू द्यायचं न्हाई.”

वऱ्हाडाच्या दोन गाड्या खिंडीत पोहोचल्या तेव्हा ऊन चांगलेच चढले होते. पुतळा गाडीतून उतरली ती धान्याची कणगी उतरावी तशी, दोघींनी धरून. नाकेदाराने तिच्याकडे पाहिले, मग सुभानाकडे.

“सुभाना, लेक लई बाळसेदार झाली रं.”

“अंगावरचं हाय, सरकार. नियम तुमचाच.”

“हाय की. नियमाबद्दल माझं काईच म्हननं न्हाई,” नाकेदार म्हणाला. “पन गाड्यांची झडती हुईस्तवर हद्द कुनी ओलांडायची न्हाई. त्योबी नियमच.”

सावलीचा कडुनिंब हद्दीपलीकडे होता. विहीरही पलीकडेच. अलीकडे नुसता उघडा माळ आणि हा काळा धोंडा. पुतळा धोंड्यावर बसली. शिपाई एकेक पोते सोडू लागले, चाळू लागले, पुन्हा बांधू लागले. सुभाना अंगणात वाट पाहावी तसा निवांत उभा होता. झडती कधीतरी संपणारच, हे त्याला ठाऊक होते. गाड्यांत बेकायदा असे काही नव्हतेच. बरोबरची घागर संपली. रखमा पदराने लेकीला वारा घालत राहिली.

दुपार कलू लागली तेव्हा नाकेदारालाच चैन पडेना, असे सांगतात. तो उठून धोंड्यापाशी आला आणि थेट पुतळाला म्हणाला, “जड हुतंय का, बाई? दोन-चार उतरव. जकात लावतो, आन् जा पलीकडं सावलीत.”

पुतळाने बापाकडे पाहिले. सुभानाने मान हलवली नाही, खूण केली नाही. त्याने फक्त पाहिले.

“न्हाई,” पुतळा म्हणाली. “अंगावरचं हाय.”

त्या घटकेला सुभानाचा ऊर भरून आला. हे दुसऱ्या कोणाला कळायचे कारण नव्हते. पुढे त्यानेच सांगितले म्हणून कळले.

झडती संपली. नाकेदाराने हात वर केला. पुतळा उठली, चार पावले नीट चालली आणि चुन्याच्या दगडांवर कोसळली. डोके पलीकडच्या मुलखात, पाय अलीकडच्या. विहिरीवरून पाणी आणेपर्यंत रखमाने तिचे डोके मांडीवर घेतले होते. अंगाचा घाम केव्हाच आटला होता. ओठांना लावलेले पाणी तसेच ओघळून गेले.

पुरुष पाठ करून उभे राहिले आणि बायकांनी लुगडी सोडायला घेतली. एकेक सुटले की रखमा ते मागे सुभानाच्या हातात द्यायची. त्याचे हात सवयीने घडी घालत होते. काठाला काठ, पदर आत. तो रडला नाही. त्याला काही वाटत होते की नाही, हे त्यालाच सांगता आले नसते. कापड हाताला ओले लागत होते एवढेच त्याला कळत होते. सर्वांत आतले, पहिल्या दिवाळीचे लुगडे रखमाने तिच्या अंगावर राहू दिले.

घड्यांची चवड घेऊन सुभाना चौकीत गेला आणि ती नाकेदारापुढे ठेवली. “आता लावा जकात.”

नाकेदाराने चवड परत सरकवली. तो म्हणाला, “मयताच्या अंगावरचं माफ असतं, सुभाना.”

“बरोबर हाय,” सुभाना म्हणाला. कारण तो नियम त्याला माहीत होता.

त्यानंतर साळीआळीत सुभानाचा माग वाजला नाही. तो जेवायचा, झोपायचा, कोणी काही विचारले तर हो किंवा नाही म्हणायचा. जकातीचे कोणी विचारले तर उठून जायचा. रखमा त्याला एका शब्दाने बोलली नाही, बोलली असती तर बरे झाले असते असे आळीतले लोक म्हणत. पुढच्या लग्नसराईत मात्र तो त्या लुगड्यांची पेटी डोक्यावर घेऊन खिंडीत आला आणि धोंड्याजवळ बसला.

त्याची युक्ती तोवर पंचक्रोशीत पसरली होती. लोकांनी त्यातली लुगडी लक्षात ठेवली, पुतळा विसरले. पहिलीच नवरी आली ती अशीच फुगलेली. सुभाना वाटेत आडवा उभा राहिला. “जड हाय का, बाई?”

तिने बापाकडे पाहिले आणि शिकवल्याप्रमाणे म्हणाली, “न्हाई.”

सुभाना हलला नाही. त्याने पुन्हा विचारले, पुन्हा नाही. वऱ्हाडाने शिव्या घातल्या, कोणी ढकलले. तो परत तिथेच येऊन उभा राहिला आणि त्याच आवाजात विचारत राहिला. शेवटी ती पोर रडायला लागली आणि म्हणाली, “व्हय, लई जड हाय.” बायकांनी आडोसा धरून वरची लुगडी उतरवली. ती सुभानाने स्वतःच्या खांद्यावर टाकली, हद्दीपलीकडे नेऊन ठेवली, आणि त्यांची जकात म्हणून आपल्या पेटीतले एक लुगडे चौकीत दिले.

पुढच्या नवरीलाही तसेच. तिच्या पुढच्या नवरीलाही. ज्या चौकीला पुतळाचे एक लुगडे मिळू नये म्हणून सगळे केले, त्याच चौकीला एकेक करून त्याने सगळी दिली. पेटी रिकामी झाली त्यानंतर सुभाना खिंडीत कोणाला दिसला नाही, असे सांगतात. मग नव्या नवरीला विचारणार कोण? तेव्हा ज्याची लेक त्याने विचारायचे, असे ठरले.

वैशाखातही तो धोंडा गार लागतो, असे लोक म्हणतात. नाना म्हणतात, आपण हात लावून पाहिला आहे. इतर दगडांसारखाच तापतो.

राजे गेले, हद्द गेली, जकात गेली. पण आजही जडखिंडीत बाप लेकीला विचारतो, “जड आहे का, बाई?” आणि लेकीने नाही म्हणायचे नसते. नाही म्हटले तर बाप पुन्हा विचारतो. ती हो म्हणते तेव्हा अंगावरचे काहीतरी उतरवून बापाच्या हातात देते. शालू, हार, काहीही. बाप ते स्वतःच्या खांद्यावर घेऊन चुन्याच्या ओळीच्या जागेपलीकडे चालत जातो आणि विहिरीचे पाणी आधी तिला पाजतो.

गेल्या वैशाखात शहरात नोकरी करणारी एक मुलगी इथे उतरली. वडिलांनी विचारले. “नाही हो, बाबा. चला ना, उशीर होतोय,” ती म्हणाली. वडील तिथेच उभे राहिले. त्यांनी पुन्हा विचारले. मागे जीप, ट्रक, एसटी, सगळ्यांची रांग लागली. मुलगी आधी हसली, मग खाली पाहत उभी राहिली.

रांगेत कोणीही हॉर्न वाजवला नाही.