बर्बर

"मग तुम्हीच सांगा भन्तेजी, 'ब्रेव्ह' म्हणजे काय?"

"शूर," भन्ते विनयपाल म्हणाले.

सुगत गजभिये हसला. हेच उत्तर येणार, हे त्याला ठाऊक होतं. तो नागपूरच्या कॉलेजात इंग्रजी शिकवायचा. शब्दांच्या जन्मकथांवरचं त्याचं पुस्तक नुकतंच छापून आलं होतं आणि आज पवनीच्या विहारात त्यावर व्याख्यान होतं. लहानपणी भन्तेंनी त्याला इथेच बसवून ए-बी-सी-डी गिरवायला लावली होती. म्हणून तो तासभर आधीच येऊन त्यांच्यापुढे बसला होता.

"शूर हा अगदी अलीकडचा अर्थ. इंग्रजांनी हा शब्द घेतला फ्रेंचांकडून, फ्रेंचांनी इटलीतून. तिथे 'ब्राव्हो' म्हणजे दांडगट, रानटी. भाडोत्री मारेकऱ्यालासुद्धा ब्राव्होच म्हणायचे."

"अरे वा! आणि त्याच्या मागे?"

"तिथे खात्रीनं कुणी सांगत नाही. पण बरेच जाणकार 'बर्बर'पर्यंत जातात. ग्रीकांना परक्यांची बोली कळायची नाही. नुसतं बर्-बर्, बर्-बर् ऐकू यायचं. म्हणून ते लोक बर्बर. आपल्या संस्कृतातही बर्बर म्हणजे..."

सुगत थांबला.

"म्हणजे?"

"रानटी."

"एवढंच?"

"...अडखळत बोलणारा. तोतरा."

भन्तेंनी दाराबाहेर पाहिलं. बाहेर अंगणात सुगतचे वडील, देवाजी, सतरंज्या झटकत होते. रेल्वेत गँगमन म्हणून त्यांनी हयात घालवली होती. निवृत्त झाल्यापासून ते दर रविवारी विहारात यायचे आणि शेवटच्या रांगेत बसायचे. बोलायचे फार कमी. बोलायला लागले की पहिल्याच अक्षरावर अडकायचे.

"हे नाव ठेवलं कुणी?" भन्तेंनी विचारलं.

"ऐकणाऱ्यांनी."

"हं..."

सुगत जरा पुढे सरकला. "भन्तेजी, एक विनंती होती. आज आमचे प्राचार्य येणार आहेत. आजची याचना मी म्हणतो."

पंचशील देण्याआधी सगळ्यांच्या वतीनं एकजण उभा राहून ते भन्तेंकडे मागतो. तीच याचना. 'ओकास' या पाली शब्दानं सुरू होणारं एकच वाक्य, पण तीनदा म्हणायचं असतं.

"ती देवाजींनी मागून घेतलीय. मी हो म्हटलंय."

"बाबांनी?"

"परवा आले होते. म्हणाले, एक डाव मले म्हणू द्या. एवढं म्हणायला त्यांना बराच वेळ लागला."

सुगतनं आवाज खाली आणला. "लोक हसतील हो त्यांना. त्यांचे हाल बघवत नाहीत."

"कुणाला?"

सुगत उठला आणि सतरंज्या आत घ्यायला गेला.

अकरा वाजता विहार भरला. प्राचार्य पहिल्या रांगेत बसले. वक्ता म्हणून सुगतला भन्तेंच्या शेजारी जागा दिली होती. देवाजी शेवटच्या रांगेतून उठले, पांढऱ्या सदऱ्याची बटणं चाचपत पुढे आले आणि हात जोडून उभे राहिले.

"ओ..."

पुढचं अक्षर येईना. मान ताणली गेली, डोळे मिटले गेले.

"ओ... ओ..."

मागे कुणीतरी खाकरलं. सुगतच्या ओठांवर तो शब्द तयार होता. बँकेत, रेशनच्या दुकानात, सोयरिकीच्या बैठकीत त्यानं बाबांची वाक्यं अशीच पुरी केली होती. त्यानं तोंड उघडलं.

भन्तेंनी त्याच्याकडे न बघता त्याच्या हातावर हात ठेवला. म्हातारा, सुरकुतलेला, कोमट हात. तो त्यांनी उचललाच नाही.

सुगतनं तोंड मिटलं.

शब्द आला. मग दुसरा. वाक्य संपलं तेव्हा देवाजींच्या कपाळावरून घाम निथळत होता. आता ते बसतील, असं सगळ्यांनाच वाटलं. ते बसले नाहीत. दुसऱ्यांदा म्हणाले. मग तिसऱ्यांदा. तिसऱ्या वेळीही ते पहिल्या वेळेइतकंच अवघड गेलं.

कुणी हसलं नाही. भन्तेंनी शील द्यायला सुरुवात केली आणि अख्खा विहार त्यांच्यामागे बोलू लागला.

सुगतचं व्याख्यानही झालं. लोकांनी टाळ्या वाजवल्या. आपण काय बोललो, ते मात्र त्याला नंतर धड आठवेना.

माणसं पांगल्यावर तो भन्तेंच्या पायाशी येऊन बसला. देवाजीही आले आणि शेजारी टेकले.

"भन्तेजी," सुगत म्हणाला, "मला वाटायचं, मी त्यांना मदत करतो. तीस वर्षं मी त्यांचं प्रत्येक वाक्य..."

"पो... पोरा," देवाजी म्हणाले. त्यांनी मुलाच्या गुडघ्यावर हात ठेवला. "तु... तुह्या..."

सुगतनं वाट पाहिली. बाबांचे ओठ थरथरत होते. अक्षर येत होतं, परत जात होतं. एवढ्या जवळून तो त्यांच्या तोंडाकडे पहिल्यांदाच बघत होता. त्याला राहवेना. तो भन्तेंकडे वळला.

"भन्तेजी, मग पुस्तकाच्या पुढच्या आवृत्तीत 'बर्बर'चा अर्थ मी काय लिहू?"

भन्तेंनी ओठांवर बोट ठेवलं.

"थांब. तुझे बाबा बोलताहेत."