पोलादावर उमटलेले अग्नीचे रंग

ज्याने नक्षत्रांनी जडलेले हे अंतराळ कोणत्याही खांबाविना उभे केले, त्या विश्वकर्म्यास वंदन असो. जो गृहिणीच्या चुलीत, ऋत्विजाच्या होमकुंडात आणि कारागिराच्या भट्टीत एकाच तेजाने नांदतो आणि ज्याला सोवळे-ओवळे ठाऊक नाही, त्या अग्निनारायणास वंदन असो. त्यांच्याच कृपेने ही कथा सांगतो. श्रोत्यांनी चित्त द्यावे.

पूर्वी त्रेतायुगाच्या उदयकाळी, विंध्याद्रीच्या दक्षिणेस शिलाजानु नावाचा महाबली असुर झाला. त्याचे गुडघे साक्षात वज्रपाषाणाचे होते. त्याने घोर तप करून ब्रह्मदेवास प्रसन्न केले आणि एक अभेद्य शृंखला मागून घेतली. तो म्हणाला, "हे पितामह, दानाने, मोलाने, वारशाने अथवा देवांच्या प्रसादाने मिळालेल्या कोणत्याही आयुधाने माझी ही साखळी तुटू नये. जो बांधला गेला आहे त्याच्या घरच्या माणसाने स्वहस्ते घडवलेले हत्यारच तिला छेदू शकेल. आणि छेदण्याचा प्रत्येक यत्न फसताच तिने बद्धाला अधिक आवळावे." ब्रह्मदेव "तथास्तु" म्हणून अंतर्धान पावले. असुर मनात हसला. कारण तो केवळ राजांनाच धरीत असे, आणि राजकुळात हातोडा उचलणारे कोण निघणार, हे त्यास पुरते ठाऊक होते.

अशा रीतीने त्याने धृतव्रत नावाच्या धर्मशील राजास मृगयेच्या वेळी पकडले आणि आपल्या गुहेच्या तोंडाशी बांधून ठेवले. इंद्राने खड्ग पाठविले, वरुणाने पाश पाठविला. साखळीवर ओरखडाही उठला नाही, उलट ती राजाच्या छातीवर अधिकच रुतली.

तेव्हा वराची अट कळताच राजाची पत्नी ऋजुला रथ, छत्र आणि दासी मागे ठेवून एकटी पयोष्णीच्या तीरी महर्षी तपनायनांच्या आश्रमात आली. त्या आश्रमाचे वैशिष्ट्य असे, की होमशाळेला लागूनच लोहशाळा होती. पहाटे अग्निहोत्रासाठी जो अग्नी प्रज्वलित होई, त्याचाच निखारा पुढे भट्टीत जाई. वेदघोष आणि घणाचा नाद तेथे एकमेकांस अडवीत नसत.

"भगवन्, मला लोखंड शिकवा," राणी म्हणाली.

ऋषींनी तिच्या मेंदी लावलेल्या तळव्यांकडे पाहिले. "शिकवीन, वत्से. पण भाता काही तुझा सेवक नव्हे. आज्ञा करशील तर नुसता फुसफुसेल."

राणीने भाता ओढण्यापासून आरंभ केला. हाताला फोड आले, ते फुटले, तेथे घट्टे पडले. मग ती खिळा घडवायला शिकली. दाराचा कोयंडा शिकली. कानस पुढे नेताना दाबावी आणि मागे घेताना उचलावी, हे शिकली. तिने केलेली पहिली पळी पाहून ऋषी म्हणाले, "हिने तूप वाढलेस तर यजमान उपाशी राहील, कन्ये, हिला खोलगटपणाच नाही." राणी हसली आणि तिने ती पळी पुन्हा निखाऱ्यात घातली. पुढे तिने आपली सांडशी आपणच घडवली, तेव्हा ऋषी म्हणाले, "आता तू परावलंबी नाहीस. आता छिन्नी कर."

राणीने उत्तम पोलाद निवडले. ते उगवत्या सूर्यासारखे लाल करून धार काढली, पुन्हा तापवून पाण्यात बुडवले. धारेवर कानस नुसती घसरू लागली, इतकी ती कठीण झाली होती. राणीचा ऊर अभिमानाने भरून आला.

"थांब," ऋषी म्हणाले. "हे आता तापट माणसासारखे झाले आहे. मंद आचेवर थोडे शांत कर."

"भगवन्, मी वीरकन्या आहे. जे कठोर झाले ते मृदू कशासाठी करू?" असे म्हणून ती निघालीही.

शिलाजानु तिला पाहून गडगडाटी हसला. "महाराणी, छिन्नी आणलीत, पण ऐरण कुठे आहे? खाली टणक आधार नको का? घ्या, माझाच गुडघा घ्या!" त्याने साखळीची कडी आपल्या पाषाणगुडघ्यावर ठेवली. राणीने घाव घातला. छिन्नीची धार काचेसारखी तडकून उडाली आणि साखळी राजाच्या बरगड्यांवर करकचून आवळली गेली.

धृतव्रत कष्टाने म्हणाला, "ऋजुले, परत जा. राज्य तुझ्या हाती सुखरूप आहे."

"राज्य सुखरूप आहेच, महाराज. ते सांगायला मी एवढ्या लांब आले नाही."

ती आश्रमात परतली आणि ऋषींच्या चरणांवर तिने मस्तक ठेवले. दुसरी छिन्नी तिने आचेवर शांत केली; परंतु भयाने अधिकच तापवली. गुहेपाशी घाव घातला, तेव्हा या वेळी धार तुटली नाही, ओल्या मातीसारखी दुमडली. साखळी पुन्हा आवळली. राजाचा श्वास आता कंठापर्यंतच उरला होता. आणखी एक चूक त्याच्या प्राणांवर बेतली असती.

"भगवन्, किती तापवायचे ते नेमके सांगा," आश्रमात परतून राणीने विनविले.

ऋषी म्हणाले, "ते मला समजते, वत्से, पण सांगता येत नाही. जन्मभर आगीशेजारी बसून अंगात मुरलेला तो अंदाज आहे. पोलाद स्वतः काहीच बोलत नाही. आणि मी तुझ्या हाताला हात लावला, तर छिन्नी तुझी राहणार नाही."

तेव्हा राणीने भट्टीपुढेच आसन मांडले, अन्नपाणी वर्ज्य केले आणि अग्नीची आराधना आरंभिली. यथाकाळी निखाऱ्यांतून सप्तजिव्ह हव्यवाहन अग्निदेव प्रकट झाले. त्यांच्या हाती एक निर्दोष, तेजस्वी छिन्नी होती.

"पतिव्रते, ही घे. कार्य सिद्ध कर."

राणीने हात पुढे केला नाही. "देवा, ही तुमची आहे. हिने साखळी तुटणार नाही. मला हत्यार नको, खूण द्या. तुम्ही लोखंडात कुठवर उतरलात, ते या डोळ्यांना दिसू द्या. आणि ती खूण माझ्यापुरती नको. माझ्यामागे जो कोणी आपल्या घरी भट्टी पेटवील, त्याला गुरू लाभो वा न लाभो, ती त्यालाही दिसावी."

अग्निदेव प्रसन्न झाले. "तथास्तु! कठीण केलेले पोलाद घासून आरशासारखे उजळ करावे आणि मागच्या बाजूने हलकेच तापवावे. माझी पावले त्यावर रंगांनी उमटतील. प्रथम वाळल्या गवताचा पिवळा, मग तपकिरी, मग जांभळा, शेवटी मोरकंठाचा निळा. परंतु मी कोणासाठीही थांबणार नाही. जो त्या वेळी अन्यत्र पाहील, त्याचे श्रम व्यर्थ जातील."

राणीने तिसरी छिन्नी घडवली, उजळली आणि मागून ऊब दिली. पिवळी छटा धारेकडे सरकू लागली. तिच्यामागून तपकिरी आली. राणीची पापणी लवली नाही. जांभळा धारेस स्पर्श करताच, तडकणे आणि दुमडणे यांच्या मधला क्षण ओळखून तिने छिन्नी पाण्यात बुडवली. ऋषींनी समाधानाने मान डोलावली.

गुहेपाशी असुराने सवयीने गुडघा पुढे केला. "या, महाराणी. आज शेवटचा घाव ना?"

"होय, शेवटचाच."

घाव बसला. कडी दुभंगली, शृंखला सर्पाच्या कातीसारखी गळून पडली आणि तोच आघात खाली उतरून असुराचा गुडघा उभा चिरून गेला. धृतव्रताने छाती भरून श्वास घेतला. कितीतरी काळ त्याने दुसरे काहीच केले नाही. शिलाजानु विव्हळत म्हणाला, "मला मारून टाक."

"मारू कशाला?" राणी म्हणाली. "इथेच बस. या वाटेने कारागीर येत-जात असतात, त्यांना ऐरण लागते."

तो असुर अद्याप तेथे शिलारूपाने घाव सोशीत बसला आहे, असे वृद्ध सांगतात. अग्नीचे वचन तर आजही अढळ आहे: घराच्या पडवीत कोणी नवशिका उजळलेले पोलाद आचेवर धरतो, तेव्हा ते रंग त्याच क्रमाने उमटतात, राणीसाठी थांबले नाहीत, तसे त्याच्यासाठीही थांबत नाहीत.

ज्यांनी ही कथा श्रवण केली, त्यांच्या हातांस कौशल्य आणि दृष्टीस स्थैर्य लाभो. त्यांच्या घरचा अग्नी अन्न शिजवो, हत्यारे घडवो आणि कोणासही न पोळो. घरोघरी मांगल्य नांदो. शुभं भवतु.