लंबकाचे बरोबर उत्तर

एकदा एक नवाकोरा इंजिनिअर घरात कडाक्याचे भांडण करून एका निवृत्त प्राध्यापकांच्या दारी आला. त्याला आता भौतिकशास्त्रात एम.एस्सी. करायचे होते. "हातचं सोडून पळत्याच्या मागे लागतोयस," वडील ओरडले होते. "त्या सरांनी शिष्य म्हणून घेतलं तरच या घरात पुन्हा तो विषय काढ!"

सरांनी त्याच्यापुढे दोरा, लोखंडी गोळा, घड्याळ आणि एक कापडी टेप ठेवली. "लंबक टांग, दोऱ्याची लांबी आणि झोक्याचा वेळ मोज आणि गुरुत्व त्वरण काढून सांग," म्हणाले आणि झाडांना पाणी घालायला निघून गेले.

हा तर अकरावीतला प्रयोग! तरुण मनात हसला. सर परतताच त्याने सांगितले, "नऊ पूर्णांक आठ."

सरांनी कात्री उचलली, लंबकाचा दोरा खटकन कापला आणि दाराकडे बोट दाखवले. "नीघ."

आता सांगा, बरोबर उत्तराला ही शिक्षा? तरुणाच्या तळपायाची आग मस्तकात गेली. घरचं झालं थोडं आणि व्याह्यानं धाडलं घोडं! "का म्हणून निघू? कुठलंही पुस्तक उघडा, हेच उत्तर आहे!"

"पुस्तकात आहे. या टेपेत नाही!" सर कडाडले. "ही मी स्वतः आखली आहे. हिचा प्रत्येक सेंटीमीटर मुद्दाम मोठा ठेवलाय. खरं सांग, तुला किती आलं होतं?"

"आठ पूर्णांक नऊ," तरुण पुटपुटला. "पण कॉलेजात सगळे असंच करायचे, सर. उत्तर आधी लिहायचं, मापं मागून जुळवायची. नाहीतर प्रयोगवहीवर सही मिळायची नाही."

"आग लागो त्या सह्यांना! अरे, मोजून आलेलं उत्तर तुझ्या हातात होतं. ते असं का आलं, एवढं विचारलं असतंस तर टेपेची लबाडी तुलाच सापडली असती. तीच खोड घेऊन आलास, तर विषय बदलून काय उपयोग?"

तरुणाचा राग गेला नाही. तो राग फक्त स्वतःवर वळला. दाराकडे न जाता त्याने खाली वाकून कापलेला दोरा उचलला, गाठ मारली.

"सर, एखादी खरी मोजपट्टी द्या. ही टेप किती खोटी आहे, ते आधी मोजतो."

सरांनी पट्टी दिली. कपाळावरची आठी मात्र तशीच होती.

"मोजून झालं की वडिलांना फोन कर. म्हणावं, ठेवून घेतलंय."