तट्टाची झूल

डोंगरातल्या गढीचे सरदार हैबतराव यांनी ऐन थंडीत हुकूम सोडला, "माझ्या तट्टाचे केस कातरा. अरबी घोड्यासारखं चकाकू दे. गारठलं तर वर नवी झूल घाला."

तट्टाची निगा राखणारा म्हातारा मोतद्दार येसबा म्हणाला, "सकाळी एकदा बघा, मग कातरतो."

"नाही पटलं, तर तुझी चाकरी गेली."

सकाळी सरदार दोन शाली पांघरून कुडकुडत आले. तट्टाच्या पाठीवर दंव गोठलं होतं.

"बघ, गारठलंय."

"सरकार, आतली ऊब बाहेर पडत असती, तर दंव वितळलं नसतं? केसांत हात घाला."

सरदारांनी हात घातला, तो काढवेना.

"कातरू?"

"नको."

"आणि नवी झूल?"

दुसरा हातही केसांत खुपसत सरदार म्हणाले, "ती माझ्या अंगावर टाक."