तुडुमापर्यंतची शर्यत

“मग ही पाळ नक्की कुणाची, ते तरी सांगा!”

शशांक गभणे हे तिसऱ्यांदा विचारत होता. रागाच्या भरात डोक्यावरचं हेल्मेटसुद्धा काढायचं राहून गेलं होतं.

सोमाजी डोंगरवार ओट्यावर उकिडवे बसून आपल्या काळ्या सायकलच्या साखळीला तेल देत होते. याच सायकलवरून त्यांनी चौतीस वर्षं तलावाकाठच्या अकरा गावांत टपाल वाटलं होतं. आता वय शहात्तर, पण साखळीला गंज नाही.

“बोल बाबू, ऐकून रायलो,” ते म्हणाले.

शशांकला तेवढंच हवं होतं. तो सुटला.

दोन वर्षं त्याने कचेऱ्यांचे उंबरे झिजवले होते. साहेब नाहीत, उद्या या, हा कागद नाही, तो शिक्का नाही. तेव्हा कुठे या वैशाखात तलावाच्या पाळीवर, म्हणजे बांधावर, गाड्यांना बंदी झाली. ट्रॅक्टर नाही, फटफटी नाही. तीन मैल सरळ सपाट वाट, एका हाताला पाणी, दुसऱ्या हाताला धानाच्या बांध्या. हॉर्न म्हणून ऐकू येत नाही. असा रस्ता अख्ख्या जिल्ह्यात दाखवा!

“आणि त्याच रस्त्यावर ती गिरजाबाई शिंगाडे वाळत घालते! भर वाटेवर, गुरुजी! मागच्या रविवारी तीन सायकली पंक्चर झाल्या. शिंगाड्याचे काटे केवढे असतात, तुम्हाला माहीत आहे. आमचे एक सत्तावन्न वर्षांचे गृहस्थ पडले. गुडघा फुटला. आणि ती बाई वर आमच्यावरच ओरडते!”

“काय म्हने?”

“ऐकायला कोण थांबलं होतं!”

सोमाजींनी तेलाची चिंधी घडी करून ठेवली...

शशांकचा संताप खोटा नव्हता. दहा वर्षांपूर्वी डॉक्टरांनी घाबरवून सोडलेला हा माणूस, फर्लांगभर सायकल मारली की धापा टाकायचा. सोमाजींनीच त्याला याच पाळीवर वाऱ्याच्या उलट जायला आणि श्वास सांभाळायला शिकवलं. आता नागपूरहून चाळीस माणसं दर रविवारी त्याच्यामागे येत. फेरीआधी तो सगळ्यांसमोर सोमाजींच्या पाया पडायचा आणि म्हणायचा, हे माझे गुरू. सोमाजी दर वेळी पाय मागे घ्यायचे आणि तो दर वेळी पकडायचा.

“आम्ही काय त्यांचं वाईट केलं?” शशांकचा आवाज चढला. “उलट जीव लावला. मासे-शिंगाडे काढणाऱ्या ढिवरांच्या बायका पाळीवर उभ्या राहून आम्हाला हात करतात. आम्ही चाळीसच्या चाळीस जण हात करतो. मी सगळ्यांना सांगून ठेवलंय, गावाचं प्रेम आहे, हात केल्याशिवाय पुढे जायचं नाही. आणि त्याची ही परतफेड?”

त्याने पाठीच्या खिशातून घडी केलेला कागद काढला. पाळीवर काहीही वाळत घालण्यास मनाई करावी, असा ग्रामपंचायतीच्या नावाने टाइप केलेला अर्ज होता.

“गावात तुमचा शब्द चालतो. तुमची सही असली की उद्याच्या बैठकीत मंजूर. नाहीतर ही फेरी बंद करतो मी. आजच!”

सोमाजी कागदाकडे पाहत राहिले. वाचला की नाही, कळायला मार्ग नव्हता.

“शाळेच्या गॅदरिंगमध्ये हळू सायकलची शर्यत खेळला हायेस का?”

“...खेळलोय. का?”

“जो शेवटी पोचते तो जिंकते. पाय टेकला का बाद. खेळू आपन. मी हरलो तं सही करतो.”

शशांकला हसू आलं, मग त्या हसण्याचाच राग आला. एवढ्या गंभीर गोष्टीचा म्हाताऱ्याने पोरखेळ करून टाकला होता. पण सही समोर दिसत होती.

“कुठून कुठे?”

“मोहाच्या पडितीतून तुडुमापर्यंत.”

तुडूम म्हणजे पाळीच्या पोटातून पाणी सोडायचं जुनं दगडी दार. मोहाची पडीत म्हणजे पाळीच्या पायथ्याची मोकळी जागा. वैशाखात शशांकनेच ती शोधली होती. पाळीवर गाड्या नकोत म्हटल्यावर नागपूरहून सायकली लादून येणाऱ्या मोटारी कुठेतरी उभ्या करायलाच हव्या होत्या. तिथे ‘वाहनतळ’ अशी पाटीही त्याने स्वखर्चाने रंगवून घेतली होती.

आज तिथे पंधरा मोटारी उभ्या होत्या. मंडळी बॉनेटवर ताटल्या ठेवून पोहे खात होती. गुरुशिष्यांची शर्यत म्हटल्यावर सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या.

सोमाजींनी सुरुवातीची रेघ पडितीच्या पार मागच्या टोकाला मारली.

“इथून? मधे तर मोटारी आहेत!”

“मोटारीच्या मधून जाऊ ना. वाट हाये.”

दोघे निघाले.

शशांकची सायकल वाऱ्यासारखी पळायची, पण हळू चालणं तिच्या जातीत नव्हतं. टायर बोटाएवढे बारीक आणि बूट पायडलात अडकवलेले. हँडल डावीकडे पळालं, उजवीकडे पळालं. शेजारून सोमाजींची काळी सायकल मुंगीच्या चालीने जात होती. दारोदार थांबून, पाय न टेकता, पत्र हातात ठेवून निघायची चौतीस वर्षांची सवय ती.

तोल सांभाळायचा तर नजर चाकापुढच्या हातभर जमिनीवर ठेवावी लागते. शशांकने ठेवली.

जमीन सारवलेली होती.

आधी त्याला खरं वाटलं नाही. पण दोन मोटारींच्या मधल्या पट्ट्यात शेणाच्या सारवणाचे अर्धगोल स्वच्छ दिसत होते. बाईच्या हाताची बोटं उमटलेले, एकाला एक लागून. पुढे चाकाखाली त्याच सारवणाचे पोपडे उडाले होते. एका मोटारीखाली शिंगाड्यांचा काळा चुरा होता, त्यावर इंजिनाचं तेल ठिबकलं होतं. एका कडेला दगडांची चूल, तिच्यात राख. चुलीचा एक दगड कुणीतरी टायरखाली अडसर म्हणून लावला होता.

वैशाखात पाहिली तेव्हा ही जागा मोकळी होती. वैशाखात शिंगाडा कुठला असायला!

शशांकने बूट सोडवला आणि पाय खाली टेकला. घसरला नव्हता तो, मुद्दाम टेकला.

“सर, बाद!” मागून कुणीतरी हसत ओरडलं.

सोमाजींनी वळून पाहिलं नाही. ते पाळीचा उतार त्याच चालीने चढत होते.

शशांक सायकल हातात धरून पाळीवर आला. गिरजाबाई फावड्याच्या दांड्याने शिंगाडे खालीवर करत होती. त्याला पाहताच तिने दांडा आपटला.

“आज बी तुडवाले आला का?”

“बाई... खालची ती जागा तुमची आहे?”

“आमची नाई तं कोनाची? माह्या सासूच्या सासूपासून तिथंच उकडतो, तिथंच वाळवतो. दिवाळी झाली, जागा सारवली, दुसऱ्या दिवशी तुमच्या मोटारी! मंग कुठं वाळवू, माह्या डोक्यावर?”

“मला सांगायचं होतं एकदा...”

“एकदा?” गिरजाबाईचा आवाज तलावावर घुमला. “चार इतवार आमी साऱ्या जनी इथं उभ्या रायलो! हात करकरून सांगतलं, थांब बाबू, थांब! तू का केलं? हात केला, दात दाखवले, अन् गेला! तुह्यामागं ते सारे बी हात हलवत गेले. वरतून माह्या शिंगाड्याचा चेंदा!”

चार रविवारचे ते उंचावलेले हात शशांकला आता पुन्हा दिसले. तळवे समोर करून धरलेले... त्याने त्यांचे फोटोही काढले होते. आपलाच त्याला इतका राग आला की डोळ्यांत पाणी उभं राहिलं.

गिरजाबाई पुन्हा दांडा फिरवू लागली.

शिंगाड्यांच्या पसाऱ्याच्या पाण्याकडच्या अंगाला वीतभर वाट मोकळी सोडलेली होती. तिच्यावर काळ्या सायकलच्या चाकाची एकच ताजी रेघ उमटली होती, सरळ तुडुमापर्यंत गेलेली.

शशांकला त्या वाटेने सायकल नेववेना. त्याने ती खांद्यावर घेतली आणि काठाकाठाने, एकही शिंगाडा पायाखाली येऊ न देता, चालत गेला. बुटांच्या तळाला लोखंड होतं, ते दगडावर खणखण वाजत होतं. खालून टाळ्या ऐकू येत होत्या. त्याच्या मंडळींना हा सगळा अजून खेळच वाटत असावा.

सोमाजी तुडुमाच्या दगडावर बसले होते. सायकल शेजारी उभी.

“गुरुजी,” शशांक म्हणाला, “माझा पाय टेकला. पडितीतच. मी बाद झालो.”

सोमाजी पाण्याकडे पाहत होते...

“मी हरलो, गुरुजी.”

सोमाजींनी सदऱ्याच्या खिशातून टपालखात्यातलं जुनं पेन काढलं, टोपण उघडलं आणि हात पुढे केला.

“मले मांगचं दिसत नाई, बाबू. मी पयला पोचलो, म्हनजे मीच हरलो. आन तो कागद... कुठं सही करू, ते दाखव.”