हत्ती पाडणारी बंदूक

फार पूर्वी साळिंदरांच्या वस्तीत एक नियम होता: बंदूक हत्ती पाडणारीच ठेवायची, आणि का ते विचारायचं नाही. त्या रानात हत्ती नव्हता, कोल्हा होता. पण एका काडतुसाला पोतंभर मोहफुलं पडत, म्हणून दसऱ्याला बंदुकीची नुसती पूजा होई.

एके दिवशी कोल्ह्याने शेवरी या साळिंदर पोरीचा धाकटा भाऊ उचलून नेला. दुसऱ्याच दिवशी वस्तीतले म्हातारे पोतं घेऊन तिच्या दारात आले.

"पोरी, नव्या काडतुसासाठी तुझी मोहफुलं टाक."

"काल जुनं का नाही उडवलंत?"

"एवढं महागाचं काडतूस कोल्ह्यावर?"

"म्हणजे माझा भाऊ स्वस्त होता, आजोबा?" शेवरीने काटे फुलवून दार अडवलं. "एक फूल मिळणार नाही. आजपासून पहाऱ्याला मी उभी राहीन, याच काट्यांनिशी."

म्हातारे रिकामं पोतं घेऊन परत फिरले.